आधी आभार, मग पापांचा झाडा

३१ जुलै, रात्र

आज जेझुइट या ख्रिस्ती संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांचा सण. १५५६ साली याच तारखेला ते रोममध्ये वारले. त्यांनी घालून दिलेली विवेकबुद्धीची तपासणी, म्हणजे दिवसाचा आढावा घेणारी पाच पायऱ्यांची प्रार्थना, आपल्यातले पुष्कळजण झोपण्यापूर्वी करतात, पण सुरुवात बहुतेकदा तिसऱ्या पायरीपासून होते. डोळे मिटले की लगेच ‘आज काय काय चुकलं’ याची उजळणी. मला वाटतं, या तपासणीतली लीनता मुख्यतः पहिल्या दोन पायऱ्यांत आहे, आणि नेमक्या त्याच गाळल्या जातात.

क्रम असा आहे. मिळालेल्या दानांबद्दल देवाचे आभार. आपली पापं कळावीत आणि टाकून देता यावीत म्हणून कृपेची याचना. उठल्यापासून आतापर्यंतचा तासातासाचा झाडा: विचार, शब्द, कृती. क्षमायाचना. शेवटी, त्याच्या कृपेने सुधारण्याचा निश्चय. मग ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’. दहा-पंधरा मिनिटं पुरतात.

आभार मानतानाही घसरायला होतं. लूकच्या शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायातल्या दाखल्यात परूशी (धर्मनियम काटेकोर पाळणारा) आणि जकातदार (लोकांच्या लेखी पापी) मंदिरात प्रार्थनेला येतात. परूशी आभारानेच सुरुवात करतो. आठवड्यातून दोनदा उपास, मिळकतीचा दशांश, आणि आपण त्या जकातदारासारखे नाही याचं समाधान. त्याच्या यादीत देवाकडून मिळालेलं काहीच नाही, आणि त्याला मागायचंही काही नाही. जकातदार दूर उभा राहतो, नजर वर करत नाही, ऊर बडवतो आणि फक्त दया मागतो. म्हणून आभाराच्या पायरीवर आपण केलेलं काही घेऊ नये. दिवसभरात आयत्या मिळालेल्या दोन-तीन गोष्टी नेमक्या आठवाव्यात: लोकलमध्ये कुणीतरी सरकून दिलेली जागा, लेकराचा उतरलेला ताप.

दुसरी पायरी का हवी, हे इग्नेशियस यांच्या मान्रेसातल्या दिवसांवरून कळतं. १५२१ मध्ये स्पेनमधल्या पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्यांचा पाय मोडला. पुढच्या वर्षी ते स्पेनमधल्याच मान्रेसा गावी येऊन राहिले. सगळ्या आयुष्याचं पापनिवेदन (धर्मगुरूंसमोर पापांची कबुली) झालं होतं, तरी जुनी पापं पुन्हा पुन्हा वर यायची आणि काहीतरी सांगायचं राहून गेलंय असं वाटायचं. खोलीतल्या खड्ड्यात स्वतःला झोकून द्यावं, इथवर मन गेलं. देव सोडवीपर्यंत खायचं नाही म्हणून त्यांनी आठवडाभर उपास केला. शेवटी त्यांच्या धर्मगुरूंनी तो मोडायला लावला. दोन दिवस बरे गेले, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग जुनी पापं परत कबूल करायची नाहीत असं त्यांनी ठरवलं, आणि ही सुटका प्रभूने आपल्या दयेनेच केली असं ते मानत राहिले. आपणच खणत गेलो तर तळ कधी लागत नाही. ‘मी कुठे चुकलो ते तू दाखव’ असं मागावं, दिसेल ते घ्यावं, बाकीचं त्याच्यावर सोपवावं. ज्यांना जुन्या पापांची टोचणी सतत लागते त्यांनी तिसरी पायरी मुद्दाम थोडक्यात उरकावी आणि सल्ला एकाच धर्मगुरूचा घ्यावा.

तिसऱ्या पायरीवर ‘आज चिडलो’ एवढ्यावर भागत नाही. जेवताना आईला ‘किती वेळा तेच सांगतेस’ म्हटलं, तो क्षण धरावा. ताट समोर, हातात मोबाइल, साहेबांचा खोचक मेसेज नुकताच वाचलेला. दुखावला होता मान, आणि तो निघाला आईवर. राग कुणालाही दिसतो, पण त्याखालचा अहंकार दिसायला कृपा लागते.

एकाच दोषाच्या मागे लागायचं असेल तर इग्नेशियस यांची आणखी एक रीत आहे. रोजच्या दोन रेघा आखायच्या, एक दुपारच्या जेवणापर्यंतची, दुसरी रात्रीच्या जेवणापर्यंतची. जितक्या वेळा तो दोष घडला तितके ठिपके त्या रेघेवर द्यायचे. दिवसाची दिवसाशी, आठवड्याची आठवड्याशी तुलना करायची. दोष घडताक्षणी छातीला हात लावायचा. चारचौघांतही कुणाच्या लक्षात येत नाही. मला ही खूण फार मोलाची वाटते. ठिपके कमी झाले की मात्र परूशी जागा होतो. त्या दिवशी रेघांकडे बघत बसण्याऐवजी पुन्हा पहिल्या पायरीवर जाऊन आभार मानावेत. ठिपके वाढले तर खचण्यात अर्थ नाही. शरीरातला काटा, म्हणजे सतत छळणारी व्यथा, काढून टाक अशी विनवणी प्रेषित पौलाने प्रभूला केली, तेव्हा ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ हे त्याला मिळालेलं उत्तर आहे, आणि तो काटा तेव्हा काढला गेला नव्हता.

निश्चय लहान असावा. ‘यापुढे कधीच रागावणार नाही’ हा निश्चय स्वतःच्या बळावरचा, तो दुसऱ्या दिवशी नाश्त्यालाच मोडतो. ‘उद्या जेवायला बसताना मोबाइल आतल्या खोलीत’ एवढा पुरे. आणि सकाळी उठल्याबरोबर, दुसरं काही हातात घेण्याआधी, तेवढ्या एका गोष्टीसाठी कृपा मागायची.