शेपटीवर बसलेलं मिग

मे 2022. तीन महिने खपून मिग-21 या लढाऊ विमानाचं प्लास्टिकचं मॉडेल पूर्ण केलं. चिकटवून झालं, रंगवून झालं, खुणा लावून झाल्या, वार्निशचा शेवटचा हात वाळला. जेवणाच्या टेबलावर ते अलगद तिन्ही चाकांवर ठेवलं आणि हात काढला. विमानाने सावकाश नाक वर केलं आणि ते शेपटीवर बसलं. पुन्हा ठेवलं. पुन्हा बसलं. पंगतीत पाटावर बसावं तितक्या निवांतपणे.

आई आमटीचं पातेलं घेऊन आली. म्हणाली, "दमलं असंल ते. बसू दे जरा. मी वाढतो, तू ताट घे."

आमच्या कोल्हापुरात बायका 'मी वाढतो', 'मी येतो' असंच बोलतात. बाहेरगावचे पाहुणे पहिल्या दिवशी गोंधळतात.

कारण काय झालं ते मला त्याच क्षणी कळलं होतं. सूचनेच्या कागदावर तिसऱ्या पायरीत एक काळं वर्तुळ होतं आणि शेजारी लिहिलेलं होतं, 5 ग्रॅम. विमानाचे दोन अर्धे भाग एकमेकांना चिकटवण्याआधी नाकात 5 ग्रॅम वजन घालायचं. मोठी दोन चाकं पंखाखाली असतात आणि प्लास्टिकचा बहुतेक भार त्यांच्या मागे पडतो. नाक जड केलं नाही तर पुढचं चाक जमिनीला लागतच नाही. हे मला ठाऊक होतं. त्या संध्याकाळी घरात 5 ग्रॅमचं काही सापडेना, म्हणून 'नंतर बघू' म्हटलं. आता नाक बंद झालं होतं.

प्लास्टिकची विमानं जोडण्याचा हा नाद मला चाळिशीत लागला. मंगळवार पेठेतल्या आमच्या घराच्या माळ्यावर एक टेबल आहे, त्यावर वाकायचा दिवा आहे, आणि रविवारी दुपारी तिथे कोणी येत नाही. खोक्यात सुट्या भागांच्या चौकटी येतात. त्यातला एकेक भाग कापायचा, घासायचा, चिकटवायचा. बहुतेक माझी विमानं बहात्तरास एक या प्रमाणातली, म्हणजे खरं 6 फूट ते इथे 1 इंच. खासबागेत उतरणारा सहा फुटी पैलवान या जगात अंगठ्याच्या पेराएवढा. आणि माझ्या हातून झालेली चूक मात्र आहे तेवढीच राहते. पंखाच्या सांध्यात अर्ध्या मिलिमीटरची फट राहिली, तर खऱ्या विमानाच्या मानाने ती साडेतीन सेंटिमीटरची भेग झाली.

माझे काका पॅटर्नमेकर. शिवाजी उद्यमनगरात त्यांनी चाळीस वर्षं फौंड्रीसाठी सागवानी पॅटर्न केले, म्हणजे ज्यावरून ओतकामाचा साचा उठवतात ते लाकडी नमुने. पहिल्यांदा माळ्यावर आले तेव्हा त्यांनी ती चौकट उचलून उजेडात धरली आणि हसायलाच लागले. "हे स्प्रू, हा रनर, आणि ही बघ पार्टिंग लाइन. अरे, हे तर आमचं फेटलिंग की रं! पोरांना रोजंदारी देऊन आम्ही जे करून घ्यायचो ते तू पैसे देऊन करतोयस?" बोलण्यात तथ्य होतं. शब्दसुद्धा तेच निघाले. वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, साच्यात ओता नाहीतर वितळलेलं प्लास्टिक दाबून भरा, रस ज्या वाटेने आत जातो ती वाट, म्हणजे स्प्रू आणि रनर, मालाला चिकटून बाहेर येते, साच्याचे अर्धे जुळतात तिथे पार्टिंग लाइनची रेघ उठते, आणि कोणालातरी ते कापून कानशीने घासावं लागतं. तेच फेटलिंग.

काकांकडे एक पट्टी होती. लहानपणी मी ती शाळेत नेली आणि भूमितीच्या तासाला मार खाल्ला, कारण तिच्याने आखलेली प्रत्येक रेघ लांब भरायची. पॅटर्नवाल्यांची ती खास पट्टी. बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. प्रत्येक मापाला हिशेब करत बसण्यापेक्षा पट्टीवरचा मिलिमीटरच तेवढा मोठा कोरलेला असतो. पुढे होणारी घट आधीच धरून चालणारी चुकीची पट्टी. तशी पट्टी माझ्या धांदरटपणासाठी मिळाली असती तर मी दोन घेतल्या असत्या.

मोठमोठे कारखानेही चुकतात, याचं मला फार समाधान वाटतं. ब्रिटनमधली एअरफिक्स कंपनी आधी रबराची खेळणी करायची, मग प्लास्टिकचे कंगवे. तिने 1953 साली आपलं पहिलं विमान काढलं, स्पिटफायर, बहात्तरास एक. ते आकाराला इतकं चुकलेलं होतं की जाणकार अजून त्यावर हसतात. कंगवे करणाऱ्यांनी एकदम विमानाला हात घातला, चालायचंच.

माझंही पहिलं विमान स्पिटफायरच. त्यातली चूक मात्र सर्वस्वी माझी. वैमानिकाच्या डोक्यावरची पारदर्शक काच मी झटक्यात चिकटणाऱ्या गोंदाने बसवली आणि कौतुकाने बघत राहिलो. सकाळी काच आतून धुरकटलेली होती. तो गोंद वाळताना त्याची वाफ निघते आणि जवळच्या गार, स्वच्छ जागेवर पांढरी होऊन बसते. एवढ्यावर निभावलं असतं. पण दिव्याखाली धरली तेव्हा दिसलं की मधोमध बोटाचा ठसा उमटलाय. चक्रं, वळणं, सगळं स्पष्ट. बसवण्यापूर्वी मी काच आतून धरली होती. बोटाच्या घामावर ही वाफ आधी चिकटते. याच युक्तीने पोलीस चोरांचे न दिसणारे ठसे उठवतात, 1970 च्या दशकाच्या अखेरीस जपानी पोलिसांनी ती पहिल्यांदा वापरात आणली. मी मात्र विनातक्रार, विनापंचनामा स्वतःचा ठसा काढून दिला होता.

बाहेरून असता तर टूथपेस्ट लावून मऊ फडक्याने घासून तो गेला असता. काचेवरचे बारीक चरे तसे जातात. आतून कसं घासणार? उपटायला गेलो असतो तर पंधरा दिवसांचा रंग सोबत आला असता. राहू दिला. अजून आहे.

चुका निस्तरण्याच्या बऱ्याच युक्त्या हात पोळल्यावर कळल्या. चिमट्यातून 'टिक्' आवाज करून उडालेला भाग फरशीवर शोधायचा तर उभं राहून बॅटरी मारायची नाही. बॅटरी फरशीवर आडवी ठेवायची. तीळभर तुकड्याची हातभर सावली पडते. मिगच्या नाकासमोरची नळी माझ्या शर्टाच्या बाहीत अडकून मोडली, तिच्या जागी शिवणाची सुई बसवली. ती मूळच्यापेक्षा सुबक दिसते, आणि विमान चुकीच्या बाजूने उचललं की रक्त काढते. वॉटर पेपर चारशे नंबरवरून सहाशे, मग हजार, असाच चढवत न्यायचा. मधली पायरी गाळली तर रंगाखालून ओरखडे वर येतात, आणि तेही शेवटचा हात दिल्यावर.

पावसाळ्यात मी वार्निशच्या वाटेला जात नाही. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांच्या इशारा पातळीकडे सरकायला लागली की बाटली कपाटात जाते. हवा इतकी दमट असते की वार्निश वाळता वाळताच पाणी धरतं आणि विमानावर दुधाळ साय येते. एका जुलैत मला वाटलं विमानाला बुरशी लागली. त्यावर इलाज आहे, कोरड्या दिवशाची वाट बघायची आणि वरून एक पातळ हात मारायचा, साय विरघळते. पण तो कोरडा दिवस येईपर्यंत मी रोज बोटाने चाचपून बघितलं. त्या चाचपण्याचे डाग आहेत ते आहेतच.

मला विचाराल तर माझ्या हातून विमानांचं जेवढं वाटोळं झालं, त्यातलं निम्मं मूळ चुकीने आणि निम्मं ती लगोलग निस्तरण्याच्या घाईने. पंख जरा वाकडा बसला, मग ओल्या सांध्यात तो ढकलला, मग गोंद बाहेर आला, मग तो पुसला, मग पुसल्या जागचं प्लास्टिकच विरघळून बोटाला आलं. प्लास्टिक जोडायचा हा गोंद चिकटवत नाही, दोन्ही कडा वितळवून एक करतो, ओला असतो तोवर तिथे प्लास्टिकचा चिखलच असतो. काका म्हणतात, "ओल्याला हात लावायचा न्हाई. जेव, झोप, उद्या बघ." सरसाने जोडलेलं सागवान त्यांनी आयुष्यभर रात्रभर शिकंज्यात ठेवलं. त्यांना हे सोपं जातं.

तर ते मिग. त्या रात्री मी जेवलो, पण झोपलो नाही. पुढच्या चाकाची जी खोबण असते तिच्यातून बारीक भोक पाडलं. दुसऱ्या दिवशी पंचगंगेकडे जाताना एका दुकानातून गळाला लावायचे शिशाचे मणी आणले. नेमकं वजन हवं म्हणून गुजरीत ओळखीच्या सोनाराकडे गेलो. त्याने काट्याची काच उघडली, पुडी सोडली, आणि माझ्याकडे बराच वेळ बघितलं. "शिसं?" म्हणाला. सात ग्रॅम भरलं. दोन जास्तीचे असू देत म्हटलं. मणी भोकातून ढकलले आणि खुळखुळू नयेत म्हणून मागोमाग सुतारकामाचा पांढरा गोंद ओतला. विमान तिन्ही चाकांवर उभं राहिलं. आईला हाक मारून दाखवलं. कपाटात ठेवलं, आणि पुढे तीन वर्षं त्याच्याकडे धड बघितलंही नाही.

26 सप्टेंबर 2025 ला चंडीगडला हवाई दलाने मिग-21 ला निरोप दिला. 1963 साली आलेलं विमान, पुढे आपल्या नाशिकजवळच्या ओझरला शेकड्यांनी बनलेलं. टीव्हीवर ते बघताना मला वाटलं, आपलंही आज बाहेर काढावं. काढलं. नाक उभं फुटलेलं होतं. सांधा ओठासारखा उघडला होता आणि आतून पांढरी पूड डोकावत होती.

त्या पांढऱ्या गोंदातून हळूहळू ॲसिटिक आम्ल सुटतं, सिरक्यात असतं तेच. बंद जागेत त्याने शिसं गंजतं आणि गंज फुगतो. पूर्वी रंगाऱ्यांचा सफेदा असाच करत, शिशाचे पत्रे सिरक्याच्या वाफेत कोंडून ठेवत. मी माझ्या मिगच्या नाकात तीन वर्षं सफेद्याचा कारखाना चालवत होतो. काकांना दाखवलं तर आधी दोन पावलं मागे सरले. "तोंडाला फडकं बांध आणि हातमोजे घाल. इख हाय ते."

नाक बारीक करवतीने कापलं, आतला सगळा माल ओल्या फडक्याने टिपून काढला. या वेळी काकांच्या खोक्यातले बेअरिंगचे छर्रे घेतले. पोलाद शिशापेक्षा हलकं, तेवढ्याच वजनाला जवळजवळ दीडपट जागा लागते. मावले तेवढे नाकात घातले, उरलेले दोन वैमानिकाच्या पायाशी. दोन ट्यूब कालवून करायच्या गोंदाने बसवले आणि मग तो अख्खा आठवडा मी त्याला हात लावला नाही. खरंच नाही लावला. मग लांबी भरली, वाळू दिली, घासली. पुन्हा भरली. चारशे, सहाशे, हजार. रंग जुन्या रंगाशी जुळवायला चार दिवस गेले. शेवटी भिंग घेऊन दिव्याखाली बघितलं तर करवत कुठून फिरली होती ते मलाच सापडेना.

काका दिवाळीला आले. मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख त्यांनी दोनदा पुढे ढकललेली, त्यामुळे लांबचं दिसतं नि जवळचं दिसत नाही. मिग हातात घेतलं. सुई टोचेल म्हणून मी सांगायच्या आत त्यांनी ते बरोबर बाजूने धरलं होतं. डोळे मिटले. उद्यमनगरात पॅटर्न तपासताना मिटायचे तसेच. अंगठा नाकाच्या टोकावर ठेवला आणि सावकाश मागे नेला. एका जागी थांबला.

"हितं."

मी काही बोललो नाही. त्यांनी विमान पालथं केलं, अंगठा पोटावरून पुन्हा फिरवला.

"आणि हितं पन."

ती दुसरी जागा मला माहीतच नव्हती.