कोण वाचणारंय?

सोमवार, रात्री

आज केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद होती. चहा-बिस्किटं झाली, प्रार्थना झाली, मग विषय निघाला: सर्जनशीलता आणि प्रेरणा. पडद्यावर डोंगर चढणारा माणूस आला, उगवता सूर्य आला, पिंजऱ्यातून सुटलेला पक्षी आला. "मुलांना प्रेरित करा" हे वाक्य इतक्या वेळा ऐकू आलं की माझ्या शेजारचे गुरुजी दर वेळी वहीत एक उभी रेघ ओढत होते. शेवटी "काही शंका?" असं विचारलं तेव्हा कुणी हूं की चूं केलं नाही. सगळ्यांचे डोळे मोबाइलवर. पोषण आहाराची कुठलीशी लिंक संध्याकाळपर्यंत भरायची होती.

मला विचारायचं होतं. इथं बसलेल्यांपैकी कुणी अलीकडे स्वतःच्या मनानं काही लिहिलंय का, चित्र काढलंय का, चाल लावलीय का? डी.एड.ला असताना आमच्या बॅचची निम्मी पोरं-पोरी कविता करायची. हस्तलिखिताच्या मुखपृष्ठावरून भांडणं व्हायची. ती सगळी आता मास्तर आहेत, मतदार याद्या करतात, तांदळाचा हिशेब ठेवतात आणि पंधरा ऑगस्टचं सूत्रसंचालन इंटरनेटवरून उतरवून घेतात. मीही त्यातलीच. विचारलं नाही. चार वाजता एसटी होती.

बुधवार

दिवाळीची सुट्टी संपून बरेच दिवस झाले, पण वर्ग भरलेला वाटत नाही. आमच्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात हे दर वर्षीचंच. ऊसतोडीसाठी टोळीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेले असतात. दसरा-दिवाळी झाली की ट्रक, ट्रॅक्टर भरून टोळ्या निघतात: कुणी सांगलीकडे, कुणी कोल्हापूरला, कुणी थेट कर्नाटकात. इथं नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. माणसं मोजायची नाहीत, कोयते मोजायचे. काही पोरं आईबापाबरोबर फडावर, म्हणजे तोडणीच्या उसात, जातात. काही आजीपाशी राहतात, हंगामी वसतिगृहात जेवतात आणि शाळेत येतात. चौथी-पाचवीचा माझा वर्ग म्हणजे बहुतेक ही मागं राहिलेली मंडळी.

आज निबंधाचा तास. माझा आवडता प्राणी. वह्या गोळा केल्या तर सगळ्यांची गाय, आणि सगळ्यांची एकच: 'गाय हा उपयुक्त पाळीव प्राणी आहे. तिला चार पाय व दोन शिंगे असतात.' यांच्यापैकी कुणाच्याच दावणीला सध्या गाय नाही. दारात आहेत त्या शेळ्या. शेळीबद्दल का नाही लिहीत, असं विचारलं तर पाचवीतली एक मुलगी सरळ म्हणाली, "मॅडम, शेळीचं कोण वाचणारंय? तुमी तर सही करता फकस्त."

चिडावं असं त्यात काही नव्हतं. खरंच होतं ते.

शनिवार

सकाळची शाळा. त्या मुलीचा प्रश्न डोक्यात घोळत होता, म्हणून म्हटलं, बरं, आईला वाचून दाखवूया. आई कारखान्यावर, तीही निरक्षर. पण टोळीत कुणाकडे तरी फोन असतोच. प्रत्येकानं घरची एक गोष्ट लिहायची, मी ती त्याच्याच आवाजात रेकॉर्ड करून पाठवणार. नियम एकच: आईला माहीत नाही असं काहीतरी त्यात असलं पाहिजे.

एरवी पाच ओळींसाठी तास पुरत नाही. आज डबे उघडायची वेळ झाली तरी माना खालीच. एका मुलानं लिहिलं, 'आपली शेळी व्याली. आजी बरी आहे. मी शाळेत जातो.' झालं. वाचलं, पाठवलं.

सोमवार

उत्तरं आली! फडावरून रात्री कोपीवर, म्हणजे झोपडीवर, परतल्यावर बायांनी ऐकलं असणार. मागून भांडी वाजतायत, कुणाचं तरी लेकरू रडतंय, लांबवर ट्रॅक्टर. शेळीवाल्या मुलाच्या आईचा आवाज सगळ्या वर्गाला ऐकवला. पोराला शाबासकी वगैरे काही नाही. सरळ उलटतपासणी: "कंची शेळी व्याली? काळी का बांडी? करडं किती? पाट का बोकड? दूध पुरतंय का? आन् तू असं का सांगतो, शेळी व्याली म्हणून? नीट सांग की."

पोरगं उठलं आणि वही घेऊन बसलं. कुणी काही सांगायची गरज पडली नाही. दुपारपर्यंत दीड पान: रात्री शेळी कशी ओरडत होती, आजीनं कंदील कसा धरला, दुसरं करडू उलटं कसं आलं, ते उभं राहताना मागचे पाय कसे फाकत होते. मला विचारायला आला, "मॅडम, करडू वल्लं असतंय तवा कसं दिसतं, ते कसं लिवायचं?" मी म्हटलं, तू पाहिलंयस, मी नाही. थोडा वेळ पेन्सिल चावली आणि लिहून आणलं: 'अंगाला केस चिकटलेले म्हणून ते उंदरावानी दिसत होतं, पण डोळे शेळीचेच होते.'

अनेक वर्षं लाल पेनानं मी समासात 'सविस्तर लिही' लिहीत आलेय. त्या एक अक्षरही न वाचलेल्या बाईनं एका दमात सहा प्रश्न विचारले आणि पोराचं लिहिणं फिरलं. तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं, एवढाच काय तो तिच्यात आणि माझ्यात फरक. मला गुण द्यायचे असतात.

गुरुवार

मुख्याध्यापक सर म्हणाले, चांगलं चाललंय तर दर आठवड्याला उत्कृष्ट लेखनाला बक्षीस ठेवू. मी थोडं थांबू म्हटलं. मानसशास्त्रातला एक जुना प्रयोग आठवत होता, लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेला. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत रंगीत पेनांनी आवडीनं चित्रं काढणारी मुलं त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलं तर सोनेरी शिक्का आणि रिबिन लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना काहीच न सांगता नंतर दिलं. काहींना दिलंच नाही. पुढच्या आठवड्यांत तेच पेन मोकळेपणानं खेळायला ठेवले, तेव्हा बक्षिसाच्या बोलीवर चित्रं काढलेल्या मुलांनी त्याला इतरांच्या जवळपास निम्माच वेळ दिला. अचानक बक्षीस मिळालेल्यांच्या आवडीला मात्र धक्का लागला नव्हता.

सरांना हे पटलं नाही. "ती स्टॅनफर्डची पोरं. आपल्या पोराला वही मिळाली तर वही मिळाली." हेही खोटं नाही. ज्याच्याकडे वहीच नाही त्याच्यासमोर आंतरिक प्रेरणेचं व्याख्यान झोडणं हा माजच. शेवटी ठरलं: वह्या सगळ्यांना द्यायच्या, पहिला-दुसरा नंबर काढायचा नाही. पैसे सरांनी खिशातून दिले, वर "माझं नाव सांगू नका" म्हणाले.

रविवार

कपडे धुतले, डोकं दुखत होतं, तरी साने गुरुजींचं चरित्र चाळत बसले. 'रडके गुरुजी' म्हणून मान उडवणाऱ्यांनी त्यांची अमळनेरची वर्षं जरूर वाचावीत. १९२४ ते १९३० ते प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते, छात्रालय सांभाळायचे. तिथल्या मुलांसाठी ते 'छात्रालय' नावाचं दैनिक स्वतःच्या हातानं लिहून काढत. दैनिक! दिवसभर वर्ग, त्यात मुलांच्या खोल्या झाडणं, आजारपणं काढणं, आणि तरी दुसऱ्या दिवशीचा अंक तयार. १९२८ मध्ये 'विद्यार्थी' मासिक सुरू केलं. पुढे नाशिकच्या तुरुंगात ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहून झालं, हे सगळ्यांना पाठ असतं. पाच दिवस ऐकून आपण थक्क होतो आणि त्याला प्रतिभा म्हणतो. मला वाटतं, त्या पाच दिवसांच्या मागे छात्रालयाच्या त्या सगळ्या सकाळी आहेत, जेव्हा पोरं अंकाची वाट बघत असायची. पुस्तकाची रचनाच बघा की. श्याम एकटा बसून आठवणी काढत नाही. रोज रात्री मित्र भोवती जमतात आणि तो सांगतो. अशा बेचाळीस रात्री. ऐकणारे पुस्तकातच बसवलेत.

मग माझ्यासारखीला लिहायला होत नाही त्याचं कारण 'वेळ नाही' एवढंच नसावं. लिंका भराव्या लागतात, खरं आहे, आणि त्या कमी झाल्याच पाहिजेत. त्याबद्दल शिक्षकांनी ओरडलंच पाहिजे. पण रात्री मोबाइलवर जाणारा तास कुणी लिंक पाठवून माझ्याकडून काढून घेतलेला नसतो. माझ्या लिहिण्याची कुणी वाट बघत नाही, हे जास्त खरं.

मंगळवार

शाळेच्या दाराजवळ जुना फळा पडून होता, सुविचार लिहायचा. सुविचार पुसला. सात-आठ ओळींची गोष्ट सुरू केली: गावाबाहेरच्या पडक्या विहिरीतून रात्री कुणीतरी हाक मारतं, आणि एक आजी तिला उत्तर देते. पुढचं उद्या. बस्स. चांगलं लिहायचं असं ठरवलंच नाही. परिपाठाच्या आधी फळा भरायचा, एवढंच ठरवलं.

सोमवार

फळ्याला आठवडा होऊन गेला. आज केंद्रावर टपाल द्यायला जायचं म्हणून गोष्ट लिहिली नाही, तर दारातच तिघं-चौघं कमरेवर हात ठेवून उभी. "मॅडम, आजचं आलं नाही." सकाळी पाणी भरायला जाणाऱ्या दोन बायाही हल्ली थांबून कुणाकडून तरी वाचून घेतात, असं कळलं. त्यांतल्या एकीचा निरोप आला की आजी विहिरीत पडू नये. आता आली का पंचाईत! मी तर तिला पाडणारच होते.

तिसरीतल्या एका मुलानं परवा माझी चूक काढली: विहिरीला आधी पायऱ्या होत्या, मग आजीनं दोर का सोडला? गेल्या कित्येक वर्षांत माझं लिखाण इतक्या बारकाईनं कुणी वाचलेलं नव्हतं. पायऱ्या पडल्याचं एक वाक्य घुसडून दिलं.

शुक्रवार

मनात एक काळजी आहे, ती लिहून ठेवते. मार्च-एप्रिलमध्ये कारखान्यांचे पट्टे पडतील, म्हणजे गाळप थांबेल, आणि टोळ्या परततील. आया घरी येतील, ते हवंच आहे. पण मग शेळीचं लिहून कुणाला कळवायचं? ती तर समोर दिसेल. वाट बघणारा माणूस घरी आला की लिहिणं थांबणार, असं आत्ताच दिसतंय.

वर्गातच विचारलं. बराच गोंधळ झाला. एक म्हणाला, 'किशोर' मासिकाला पाठवू. पाठवूही, पण छापून येईल तेव्हा येईल, आणि उलटतपासणी कोण करणार? शेळीवाल्यानं तोड काढली. त्याचा चुलतभाऊ आईबापाबरोबर फडावर गेलाय, शाळा बुडालीय. तो परत आला की त्याला इथलं सगळं हवंय आणि याला तिथलं: रात्री गाडी भरताना थंडी कशी वाजते, कारखान्याचा भोंगा केवढा मोठा, कोपीत साप निघाला ते खरं का खोटं. म्हणजे परतलेल्यांनी लिहायचं आणि राहिलेल्यांनी प्रश्न विचारायचे. त्यानं प्रश्न काढूनही ठेवलेत, वहीच्या शेवटच्या पानावर, नंबर टाकून.

फडावरून आलेली पोरं एप्रिलमध्ये मागच्या बाकावर गप्प बसतात. चार-पाच महिन्यांचा अभ्यास बुडालेला असतो, आम्ही त्यांना 'मागे पडलेली' म्हणतो आणि अंकगणिताच्या मागे लावतो. ज्यांनी वर्गात सगळ्यांत जास्त पाहिलंय त्यांना काही विचारायचं अजून कुणाला सुचलं नव्हतं. अडचण एवढीच की त्यांतल्या काहींचं लिहिणं अडखळतं. त्यांनी सांगायचं आणि दुसऱ्यानं लिहून घ्यायचं, असं करून बघू. मुख्याध्यापक सरांशी सोमवारी बोलते. भाषेचे दोन तास लागोपाठ मिळाले तर बरं.

उद्या सकाळची शाळा, आणि आजी अजून विहिरीच्या काठावरच उभी आहे. पोरांनी आज तीन शेवट सुचवले, तिन्ही माझ्यापेक्षा बरे. त्यातला एकही वापरायचा नाही म्हणून अकरा वाजले तरी जागी आहे.