उणे ०.०३

भोसरीतील एका कारखान्यात मी बारा वर्षे शिकाऊ उमेदवारांना मशीनवरचे काम शिकवले. दहावीनंतर आयटीआयमध्ये दोन वर्षांचा टर्नर किंवा मशिनिस्टचा अभ्यासक्रम करून आलेल्या या मुलांना कानस चालवणे आणि मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मायक्रोमीटर वाचणे चांगले येत असे. त्यांची अडचण सीएनसी लेथसमोर, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या लेथसमोर, उभे राहिल्यावर सुरू होई, आणि ती बहुधा हाताची नसून गणिताची असे.

एक उदाहरण देतो. शाफ्टचा व्यास २५.०० मिलिमीटर हवा आहे आणि टूल, म्हणजे कापणारे हत्यार, झिजल्यामुळे तो २५.०३ भरतो आहे, तर एक्स अक्षाच्या (टूल शाफ्टकडे आत-बाहेर सरकते त्या दिशेच्या) वेअर ऑफसेटमध्ये, म्हणजे झिजेची दुरुस्ती मशीनला सांगणाऱ्या आकड्यात, उणे ०.०३ द्यावे लागते. अनेक मुले तेथे उणे ०.०१५ भरत, कारण टूल एकाच बाजूने कापते, म्हणजे ते ०.०१५ आत सरकले की व्यास ०.०३ ने घटतो, हे त्यांना समोर दिसत असे. मशीनच्या कंट्रोलवर एक्सचे माप व्यासात धरलेले आहे, हे मात्र त्यांना कोणी सांगितलेले नसे. म्हणजे मुलगा विचार करत होता आणि बरोबर करत होता, त्याला एक गोष्ट ठाऊक नव्हती इतकेच. अशा मुलाला सुपरवायझरने सर्वांसमोर बोलले, की तो पुन्हा कधीही ऑफसेटला हात लावत नाही आणि पुढची कित्येक वर्षे जॉब (कापायचा भाग) लावणे, बटण दाबणे आणि जॉब काढणे एवढेच करत राहतो. मी फळ्यावर शाफ्टचा छेद काढून त्रिज्या आणि व्यास समजावीत असे, आणि त्यानंतर भोक ०.०३ ने लहान आले तर चिन्ह अधिक का होते, हे मुलांकडूनच काढून घेत असे.

हा वर्ग सुरुवातीला पाळी सुटल्यावर भरत असे. आठ तास उभे राहिलेली मुले फळ्यासमोर पेंगत. पुष्कळ विनवण्या केल्यावर पाळीचा पहिला तास मिळाला, आणि तीच मुले प्रश्न विचारू लागली. शिकण्याचा वेळ हा कामाचाच वेळ धरला पाहिजे, असे माझे ठाम मत तेव्हापासून आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार तीस किंवा त्याहून अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनांना २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात, आणि २०१९ च्या नियमांनी आयटीआय झालेल्यांसाठी दरमहा किमान ७,००० रुपये विद्यावेतन ठरवले. ही संख्या आणि ही रक्कम कागदावर तपासता येते; पण त्या मुलाला शिकवण्याची जबाबदारी कारखान्यातील कोणत्या माणसावर आहे, हे मला क्वचितच कोणी सांगू शकले.

पुढची पायरी पदविकेची. आयटीआय झालेल्यांना तंत्रनिकेतनात थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, ही सोय मोलाची आहे. परंतु पहिल्या वर्षाचे गणित न शिकताच मुलगा दुसऱ्या वर्षाच्या वर्गात बसतो, आणि दिवसाचे वर्ग असल्यामुळे त्याला नोकरीही सोडावी लागते. माझ्याकडच्या सात जणांनी एका वर्षी या प्रवेशाची चौकशी केली होती. त्यांच्यासाठी मी त्रिकोणमितीची आणि लॉगॅरिदमची उजळणी सुरू केली. घरी पगार लागत असल्यामुळे पाच जणांनी अर्जच भरला नाही. तरीही उजळणीला ते पाचही जण शेवटच्या दिवसापर्यंत येत राहिले.