कार्यभारात न धरलेले काम

पुढच्या सत्राच्या कार्यभाराचा तक्ता आज विभागप्रमुखांकडे भरून दिला. व्याख्याने, उत्तरपत्रिका, शोधप्रबंधांचे मार्गदर्शन, समित्या, सगळ्यांना रकाने होते. दुपारी एक विद्यार्थिनी अर्जावर सही घ्यायला आली आणि सही झाल्यावरही उठेना. अर्जाचा कोपरा दुमडत, पुन्हा सरळ करत राहिली, तेव्हा मी पेन बाजूला ठेवले आणि दार लोटून घेतले. तिने काय सांगितले ते इथे लिहिणार नाही. ती गेली तेव्हा पुढच्या तासाची वेळ झालीच होती, आणि काही ऐकलेच नसल्यासारखा चेहरा करून वर्गात शिरावे लागले.

पगाराच्या मोबदल्यात स्वतःच्या भावना आवरणे किंवा कामाला हव्या तशा दाखवणे, याला समाजशास्त्रज्ञ आर्ली होकशिल्ड यांनी १९८३ मध्ये हवाई सेविकांच्या अभ्यासातून भावनिक श्रम म्हटले. त्याच्या त्यांनी दोन तऱ्हा सांगितल्या: एकीत माणूस नुसता वरवरचा भाव आणतो, दुसरीत तो भाव मनात खरोखर जागवू पाहतो. पुढच्या अभ्यासांत थकव्याशी अधिक घट्ट नाते पहिलीचेच आढळले, आणि मला त्याचे मुळीच नवल वाटत नाही. त्या मुलीचे ऐकून मी दमले नव्हते. दमले ती संध्याकाळच्या बैठकीत, जिथे निकालाच्या टक्केवारीवर चाललेल्या उपदेशाला हसून मान डोलवायची होती.

कामाने असे आतून खचून जाणे म्हणजे बर्नआउट. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना मॅस्लॅक यांच्या मांडणीत या अवस्थेची तीन अंगे आहेत: भावनिक थकवा, समोरच्या माणसाविषयीचा कोरडेपणा, आणि आपल्या हातून काही घडत नाही ही जाणीव. मला धास्ती वाटते ती दुसऱ्याची. थकवा सुटीत थोडाफार उतरतो. कोरडेपणा मात्र अंगवळणी पडतो, कारण तो सोयीचा असतो. निवृत्त झालेले आमचे एक सहकारी शेवटी शेवटी विद्यार्थ्यांचा उल्लेख हजेरी क्रमांकानेच करत, आणि एके काळी याच माणसाच्या खोलीबाहेर मुलांची रांग लागत असे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत याला आजार न मानता कामाशी निगडित घटना मानले, नीट न हाताळलेल्या दीर्घकालीन ताणातून उद्भवणारी. म्हणजे मूळ कामाच्या रचनेत आहे. आमच्या वाट्याला मात्र ताण-व्यवस्थापनाची कार्यशाळा येते, तीही सुटीच्या दिवशी आणि उपस्थिती सक्तीची! श्वास कसा घ्यावा हे शिकवणाऱ्यांविषयी माझी तक्रार नाही, पण रिक्त पदांचे तास उरलेल्यांत वाटून दिलेले असताना ते शिकवणे मला विनोदी वाटते.

सर्वांत जास्त भार तात्पुरत्या नेमणुकीवरच्यांवर पडतो, कारण विद्यार्थ्यांनी भरलेल्या मूल्यमापनावर त्यांची मुदतवाढ अवलंबून असते आणि चिडण्याची मुभा त्यांना नसते. शेजारच्या खोलीतल्या तरुण प्राध्यापिकेबद्दल मागच्या सत्रात ‘फार कडक आहेत’ असा शेरा आला, तेव्हापासून वर्ग अर्धा झाल्यावर येणाऱ्यालाही ती हसून ‘या’ म्हणते. तिच्या मुदतवाढीचा निर्णय पुढच्या महिन्यात आहे.