पाचशेचाळीसची वही: यंदाचं साल रबराचं

गेल्या हंगामात माझी एमएम 540, म्हणजे महिंद्राची डिझेल जीप, तीनदा बसली. पावसात वेळ होता म्हणून वही काढून तिन्ही नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या. गोव्यात डिचोलीच्या भर बाजारात फॅन बेल्ट तुटला. चोर्ल्याच्या चढावर रेडिएटरची खालची होज (पाण्याचा रबरी पाइप) फुटली. सांग्याहून परतताना मागच्या व्हील सिलिंडरचा कप (ब्रेक ऑइल अडवणारं रबर) गळला आणि ब्रेक पार तळाला गेला. दगडात, चिखलात, पाण्यात एकदाही नाही, तिन्ही वेळा गाडी डांबरावर होती! आणि तिन्ही वेळा गेलं ते रबर.

आपण लोक विंच, बंपर, टायर यांवर बोलत बसतो आणि चाळीस रुपयांचा पाइप विसरतो. मी पहिला विसरभोळा.

चोर्ल्याची गोष्ट थोडी सांगतो, कारण तो जुगाड कामाचा आहे. इंजिन गार होऊ दिलं, होज कोरडी पुसली, जुन्या सायकल ट्यूबची पट्टी ताणून ताणून गुंडाळली आणि वरून तार आवळली. पाणी भरलं आणि रेडिएटरचं झाकण पूर्ण न आवळता पहिल्या खाचेवरच ठेवलं, म्हणजे आत दाब धरत नाही आणि पट्टी टिकते. हळू हळू, तापमानाच्या काट्यावर नजर ठेवून साखळीपर्यंत आलो. वाटेत थांबलेल्या एका टेंपोवाल्याने हळद टाकायला सांगितली होती. हळद रेडिएटरच्या सुईएवढ्या भोकाला चालते, फाटलेल्या होजला तिचा उपयोग नाही. शिवाय नंतर नळ्या चोंदतात त्या वेगळ्याच.

तर यंदा जूनपासून गाडीखाली लोळून एकेक रबर बघितलं. गार असताना होज चिमटीत दाबायची. चिरा दिसल्या की गेली. पण चिरा नसूनही आतून लिबलिबीत लागली तरी गेली, कारण तिचा आतला थर सुटलेला असतो. वरखालच्या होज, हीटरचे पाइप, दोन्ही बेल्ट, चारही चाकांचे कप, ब्रेकचे लवचीक पाइप, सगळं नवं. जुन्यातले जे बरे होते ते फेकले नाहीत, टॅल्कम पावडर लावून सीटखालच्या डब्यात ठेवलेत. एकदा बसून चाललेला बेल्ट स्पेअर म्हणून ठेवलेला बरा, तो मापाचा आहे याची खात्री तरी असते.

दुसरं काम ब्रीदरचं, म्हणजे ॲक्सलवरच्या हवा ये-जा करायच्या भोकाचं. धावून तापलेला डिफ (ॲक्सलच्या मधला गिअरचा गोळा, डिफरन्शिअल) व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर चोंदलेला असेल तर सीलमधून पाणी ओढून घेते. मागच्या वर्षी माझं मागचं डिफ ऑइल चहासारखं निघालं ते यामुळेच. आता दोन्ही ॲक्सलच्या ब्रीदरला पाइप जोडून तो बॉनेटखाली फायरवॉलपर्यंत (इंजिनमागच्या पत्र्यापर्यंत) वर नेलाय. पाण्यातून आल्यावर रात्रभर गाडी उभी ठेवायची आणि सकाळी डिफखालचा ड्रेन प्लग जरासा ढिला करायचा. पाणी जड, ते खाली बसतं, असलं तर आधी तेच येतं.

मग नोव्हेंबरात पहिली फेरी. सत्तरीत, केरीच्या पुढे, एका ओळखीच्यांच्या कुळागरातून (पोफळीच्या बागेतून) जाणारी जुनी वाट. (अभयारण्याच्या हद्दीत परवानगीशिवाय जायचं नाही आणि किनाऱ्यावर गाडी घालायची नाही, हे नव्यांसाठी पुन्हा एकदा.) तीन गाड्या: माझी, एक जिप्सी आणि एक नवी कोरी थार. टायर 20 पीएसआयवर उतरवले. जांभ्याच्या ओल्या मातीवर फरक लगेच कळतो, स्टिअरिंग हातात आल्यासारखं वाटतं.

व्हाळाला पाणी गुडघ्याच्या वर होतं. बांबू घेऊन आधी चालत गेलो. पलीकडे पोफळी शिंपणारे आजोबा कमरेवर हात ठेवून बघत होते. म्हणाले, "उदकाक भियेनाका, फातरांक भिये." पाण्याला भिऊ नको, दगडांना भी. बरोबरच होतं, मधोमध एक धोंडा होता, डिफच्या उंचीचा. डावीकडून काढली. 4 लो (चारही चाकांना ताकद, हळू वेग), दुसरा गिअर, आणि पाण्यात असेपर्यंत क्लचला पाय नाही. हे मला कुळेच्या, दूधसागर धबधब्यावर पर्यटक नेणाऱ्या एका जीपवाल्याने शिकवलेलं. क्लच दाबला की प्लेटमध्ये पाणी शिरतं, मग ती घसरते. थारवाल्याला एकच सांगितलं होतं: इंजिन पाण्यात बंद पडलं तर पुन्हा स्टार्टर मारू नकोस, दोरी लावू. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. तो काही अडकला नाही. अडकलो मी.

व्हाळापुढच्या चढावर इंजिन आचके देऊ लागलं आणि बसलं. चाकांमागे दगड लावले. स्टार्टर मारला, फिरतोय, पण सायलेन्सरमधून धूर नाही. पांढरा धूर असता तर डिझेल पोहोचतंय पण जळत नाही असं धरलं असतं. धूरच नाही म्हणजे डिझेलच नाही. स्टॉप सोलेनॉइडची (चावीवर डिझेल सोडणाऱ्या विजेच्या खटक्याची) टिक ऐकू आली, म्हणजे वायर ठीक. फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू (हवा काढायचा) ढिला करून डिझेलचा हातपंप मारला तर बुडबुडे. मारत राहिलो, बुडबुडे संपेचनात. जिप्सीवाला खाली वाकून बघत म्हणाला, "दिजेल ना रे, वारें ओडटा." म्हणजे डिझेल नाही, हवा ओढतोय.

पण कुठून? टाकीपासून पंपापर्यंत हात फिरवला, एक थेंब ओला नाही. इथेच गंमत आहे. त्या बाजूला पंप ओढत असतो, त्यामुळे चीर पडली तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. डोळ्यांना काही दिसत नाही. शेवटी कॅनमध्ये डिझेल घेतलं, त्यात दोन मीटर नवा पाइप बुडवला आणि दुसरं टोक थेट पंपाला जोडलं. हातपंप मारला, बुडबुडे थांबले, स्क्रू आवळला, चावी फिरवली, इंजिन सुरू. म्हणजे दोष टाकी आणि पंप यांच्या मधेच.

सापडला तो चॅसिसच्या आडव्या पट्टीवरून जाणारा, बोटभर लांबीचा जोडपाइप. वरून धड, खालून वाकवला तर केसासारखी चीर. सगळं रबर बदललं म्हणून जूनपासून मिरवत होतो, आणि हा तुकडा पट्टीआड असल्यामुळे राहिलाच होता. 8 एमएमचा नवा तुकडा कापला, दोन क्लिपा लावल्या, पुन्हा एअर काढली. सगळं धरून 40 मिनिटं. गेल्या वर्षी अशा जागी मी टो करून घ्या म्हणून फोन केला असता, आणि तिथे रेंजही नव्हती.

परतीत थार एका ओल्या वळणावर गटारात घसरली. थारवाला दोरी बांधायला टो बॉलकडे (ट्रेलर जोडायच्या गोळ्याकडे) गेला म्हणून ओरडलो. तो गोळा तुटला तर गोळीसारखा उडतो. चॅसिसच्या हुकाला डी-शॅकल (लोखंडी कडी), स्ट्रॅपवर ओलं गोणपाट, बाकीचे सगळे लांब. दुसऱ्या ओढीला वर. जॅक लावावा लागला नाही, नाहीतर फणसाची फळी होतीच. त्या चिखलात जॅकच खाली जातो.

राहिलेली कामं: रिटर्न लाइनचे (उरलेलं डिझेल टाकीत परत नेणारे) पाइप, ट्रान्स्फर केसचा (दोन्ही ॲक्सलना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्याचा) ब्रीदर, आणि पुढच्या डाव्या चाकाची घरघर, जी मला ऐकू येते आणि मेस्ताला (मेकॅनिकला) येत नाही.

काल रात्री थारवाल्याचा फोन आला. तो पाइप किती एमएमचा होता आणि किती घेऊ, विचारत होता. त्याच्या गाडीला लागणार नाही, तरी दोन मीटर घे म्हटलं. माझा संपलाय.