परसातील नेमबाजीसाठी एअर रायफल : निवड सोपी, खोळंबा 19 दिवसांचा

डिचोली तालुक्यातील माझ्या घरी यायला निघालेली एअर रायफल वाटेत एका कुरियर कंपनीच्या गोदामात 19 दिवस पडून राहिली. कायद्याने तिला परवाना लागत नाही, पैसे पूर्ण भरलेले होते आणि ओळखपत्राची प्रत विक्रेत्याने आधीच घेतली होती. तरीही मला चार खेपा घालाव्या लागल्या. गोव्यात आणखी कोणी अशी खरेदी करणार असेल, तर त्याचा हा त्रास वाचावा म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मला मुळात हवी होती ती मल्टी-पंप रायफल, म्हणजे दस्त्याच्या पुढचा भाग हाताने खालीवर करून हवा दाबायची आणि मग छर्रा सोडायचा. दोन वर्षांपूर्वी मुलीकडे ओहायोत असताना जावयाच्या परसात अशा तीन रायफली मी आलटून-पालटून चालवल्या. 1966 पासून विकली जाणारी क्रॉसमन 760 हलकी आहे, जेमतेम सव्वा किलोची, त्यामुळे नवशिक्याला पेलते, पण मोठ्या माणसाच्या खांद्याला ती आखूड वाटते. क्रॉसमन 2100 पूर्ण लांबीची आणि दोन किलोंहून थोडी अधिक वजनाची असल्याने नेम धरल्यावर स्थिर राहते. मला सर्वांत आवडली ती डेझी 880, कारण तिचा पंप शेवटच्या दाबांनाही फार जड जात नाही. तिन्हींची मर्यादा 10 पंपांची आहे आणि ती कधीही ओलांडू नये. खरे तर परसातील 10 मीटरसाठी तीन-चार पंप पुरतात. आवाज कमी होतो, हात थकत नाही आणि प्रत्येक वेळी पंप तितकेच मोजून मारले तर छर्रे एकमेकांच्या जवळ पडतात. शिवाय या रायफलीला धक्का जवळपास नसतोच, म्हणून ती कशी धरली याने नेम फारसा बिघडत नाही.

परंतु परदेशी एअर रायफलीची आयात आपल्याकडे सामान्य माणसाला खुली नाही, म्हणून ती सामानातून आणण्याचा विचार मी तिथेच सोडून दिला. इथे माझ्या ऐपतीत मिळाली ती नळी बिजागरीवर खाली वाकवून छर्रा भरायची, स्प्रिंगच्या जोरावर चालणारी, भारतीय बनावटीची रायफल. निवड करायला तीन दिवस पुरले.

गोदामातील पहिल्या खेपेला खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने पावतीकडे पाहिले आणि म्हटले, “काका, हे हत्यार आहे. पोलिसांचा ना हरकत दाखला आणा.” त्याच्या मागे तीन हातांवर, प्रेशर कुकरच्या खोक्याला टेकून, माझे लांबोडके पार्सल उभे होते. त्याचा एक कोपरा फाटला होता आणि तपकिरी चिकटपट्टीखालचे माझे नाव मला तिथून स्पष्ट वाचता येत होते. मी पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या हवालदारांनी मला बसवून सगळे नीट ऐकून घेतले आणि विचारले, “परवानाच लागत नसेल, तर दाखला कशाचा देणार?” त्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते. मी ते गोदामात जाऊन सांगितले, तेव्हा तेच लेखी आणा असे उत्तर मिळाले. ज्या गोष्टीला कागद लागत नाही, तिला कागद लागत नाही असा कागद आणायचा, आणि तो देण्याचे काम कोणाचेच नव्हते. फोन केला तर तक्रार नोंदवली असे सांगत आणि दोन दिवसांनी तक्रार निकाली निघाल्याचा संदेश येई. पार्सल मात्र जागचे हलत नसे. ते परत पाठवले जाईल अशी सूचना चौदाव्या दिवशी आली, तेव्हा माझा संताप अनावर झाला हे मी लपवत नाही.

अडचणीचे मूळ मला तिसऱ्या खेपेला, पावती पुन्हा वाचताना सापडले. तिच्यावर फक्त ‘एअर रायफल’ एवढेच छापलेले होते. शस्त्र नियम 2016 नुसार नळीचा व्यास 0.177 इंच, म्हणजे 4.5 मिलीमीटर, यापेक्षा अधिक नसेल आणि छर्ऱ्याची ऊर्जा 20 ज्यूलपेक्षा अधिक नसेल, तर परवाना लागत नाही. हे दोन्ही आकडे पावतीवर नव्हते, मग त्या कर्मचाऱ्याने तरी कशावर विश्वास ठेवावा? मी त्याच रात्री उत्पादकाला ईमेल केला आणि त्यांच्या शिक्क्याच्या कागदावर रायफलीचा क्रमांक, व्यास व ऊर्जा लिहून मागितली. पत्र तीन दिवसांत आले. त्याला नियमांतील संबंधित पानाची छापील प्रत आणि आधार कार्डाची प्रत जोडून मी खिडकीवर न थांबता थेट पर्यवेक्षकांना भेटलो. त्यांनी दोन मिनिटांत वाचून सही केली आणि पार्सल माझ्या हातात दिले. म्हणून पैसे भरण्यापूर्वीच विक्रेत्याकडून हे पत्र मागून घ्या आणि पावतीवरही दोन्ही आकडे लिहायला सांगा.

ऊर्जेचा हिशेब घरीही करता येतो. डेझी 880 च्या छर्ऱ्याचा कंपनीने दिलेला कमाल वेग सेकंदाला 715 फूट, म्हणजे सुमारे 218 मीटर आहे. छर्रा अर्ध्या ग्रॅमचा धरला तर ऊर्जा 12 ज्यूलच्या आसपास येते, म्हणजे तीही मर्यादेच्या आतच राहते.

स्प्रिंगच्या रायफलीची सवय व्हायला मला महिना लागला. छर्रा नळीबाहेर पडण्याआधीच ती मागे-पुढे हलते, म्हणून ती घट्ट आवळून न धरता तळहातावर नुसती टेकवावी लागते. मल्टी-पंपवर हात बसलेल्यांनी हे आधीच लक्षात घ्यावे. परसाच्या टोकाला आमचा चिऱ्यांचा गडगा आहे, पण त्यावर थेट नेम धरणे धोक्याचे, कारण छर्रा उलटून येतो. मी लाकडी खोक्यात जुन्या गोधड्या ठासून त्यामागे वाळूचे पोते ठेवले आहे. गडग्यापलीकडे कुळागर, म्हणजे माड-पोफळींची बाग, असल्याने तिथे माणसे काम करत असताना किंवा नारळ उतरवणारा पाडेली माडावर असताना रायफल बाहेर काढत नाही. पोलादी गोल छर्रे तर मी घरात आणतच नाही, कारण ते शिशाच्या छर्ऱ्यांसारखे चपटे न होता उसळतात. माकडे हाकलायला ही रायफल मागणारे शेजारी दोनदा येऊन गेले. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा ठरतो, आणि कायदा नसता तरी मी ती दिली नसती.

आपल्याकडच्या पावसाळ्यात नळीवर दोन दिवसांत गंज धरतो. वापर झाला की तेलाचा हलका हात फिरवून मी ती कपाटात कुलपाखाली ठेवतो, आणि उत्पादकाच्या पत्राची प्रत तिच्या कापडी पिशवीच्या कप्प्यातच असते.