रेडिओ पाहिजे, कार्डही पाहिजे

माझा गाणी ऐकायचा खिशातला जुना प्लेअर गेला तिथून सुरू करते. गेला म्हणजे बंद नाही पडला, फुगला. मागचं झाकण एका कोपऱ्यात वर आलेलं, मला वाटलं कुठेतरी आपटला असेल म्हणून मी अंगठ्याने दाबून बसवायला गेले तर भाचा ओरडलाच, "मावशी दाबू नको, बॅटरी फुगलीये आत!" लिथियमची बॅटरी फुगली की दाबायची नाही, टोचायची नाही आणि चार्जिंगला तर अजिबात लावायची नाही हे मला त्या दिवशी कळलं. आठ वर्षं वापरला होता, वाईट वाटलं, पण ई-कचऱ्यात देऊन टाकला.

मग भाचाच म्हणतो कसा, "अगं फोन आहे ना तुझ्याकडे, अजून डबडं कशाला?" आता याला काय सांगायचं. फोनवर गाणं लावलं की मधेच मेसेज टिंग करतो, मग मी तो बघते, मग अजून काहीतरी बघते आणि गाणं कुठल्या कुठे राहतं. शिवाय माझ्या फोनला हेडफोनचं भोकच नाही आणि रेडिओ तर नाहीच नाही, इंटरनेटवरून लागतो तो रेडिओ वेगळा, त्याला नेट लागतं आणि तो बॅटरी खातो. मला पाहिजे होतं असं काहीतरी की खिशात हात घालून, न बघता, बोटाने बटण चाचपून गाणं पुढे ढकलता आलं पाहिजे. रेडिओ पाहिजे, कार्ड टाकता आलं पाहिजे आणि बटणं खरी पाहिजेत, बास. वाटलं आठवड्यात मिळेल. दोन महिने गेले.

कारण बघायला लागल्यावर कळलं की या वस्तूंचे सरळ दोन ढीग आहेत. एका ढिगात ते कानसेनांचे प्लेअर, २४ बिट १९२ किलोहर्ट्झ वगैरे आवाजाच्या बारकाईचे आकडे मिरवणारे, धातूची जड बॉडी, मोठा टच स्क्रीन, कार्ड स्लॉट असतो पण रेडिओ बहुतेकांत नाही. दुसऱ्या ढिगात स्वस्तातले, त्यात रेडिओ, रेकॉर्डर, स्टॉपवॉच, फोटो बघायची सोय, सगळं कोंबलेलं, पण आतलं सॉफ्टवेअर कोणीतरी घाईत उरकल्यासारखं. दोन्ही गोष्टी नीट असणारा मधला ढीग पूर्वी होता. सॅन्सा क्लिप प्लस नावाचा एक काडेपेटीएवढा प्लेअर २००९ मध्ये आला होता, त्यात रेडिओही होता आणि मायक्रोएसडी कार्डाचा स्लॉटही, लोक अजून जुने शोधून घेतात. अ‍ॅपलच्या आयपॉडला मात्र कार्डाचा स्लॉट कधीच नव्हता, आणि आतच रेडिओ आला तो २००९ च्या नॅनोमध्ये. आता तर आयपॉडच बंद झाला २०२२ मध्ये. जुना घ्यायचा विचार मीही केला पण पुन्हा तीच म्हातारी बॅटरी, म्हणून नाद सोडला.

कार्ड का पाहिजे याचा हिशोब सांगते, कारण मी पण आधी म्हणत होते की प्लेअरच्या आतली ८ जीबी जागा पुष्कळ झाली की. १२८ केबीपीएसची (सेकंदाला किती माहिती, त्याचं माप) एमपीथ्री मिनिटाला साधारण १ एमबी खाते, ३२० ची जवळजवळ अडीच एमबी. पण मी माझ्या सगळ्या सीड्या फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजातलं काहीही न गाळणाऱ्या फाईलींत, काढून ठेवल्यात, त्यात पाच मिनिटांचं गाणं २५ ते ३५ एमबी जातं. त्यात भाषणं, कादंबऱ्यांची वाचनं. सगळं मिळून ४० जीबीच्या वर. म्हणजे कार्डाशिवाय पर्याय नाही.

पहिला घेतला तो दुसऱ्या ढिगातलाच. आवाज चांगला होता हो, खोटं का बोलू. पण एक कादंबरी लावली, प्रकरण पहिलं, मग एकदम सातवं, मग तिसरं. फाईलींना ०१, ०२ असे नंबर दिलेले असूनसुद्धा. शोधल्यावर कळलं की असे बरेच स्वस्त प्लेअर नावाप्रमाणे लावतच नाहीत, कार्डावर ज्या क्रमाने फाईल लिहिली गेली त्या क्रमाने वाजवतात, आणि कॉम्प्युटरने एकगठ्ठा कॉपी करताना क्रम कसाही केलेला असतो. यावर उपाय आहे, कार्डावरची यादी क्रमाने लावून देणारे छोटे फुकट प्रोग्राम मिळतात, मी ते केलं आणि क्रम बसलाही. पण दुसरं दुखणं जाईना. दोन तासांचं भाषण, पाऊण तास ऐकून बंद केलं की परत सुरू करताना पहिल्यापासून! आणि पुढे ढकलायचं बटण दाबून धरलं तर ते मुंगीच्या चालीने सरकतं. मी तीन दिवस ते एकच सुरुवातीचं "मान्यवर" ऐकलं आणि चौथ्या दिवशी परत पाठवून दिला. तेव्हापासून मी कुठल्याही प्लेअरची माहिती वाचताना सगळ्यात आधी हे बघते की बंद केल्यावर जागा लक्षात ठेवतो का. ते २४ बिट १९२ नंतर.

मधल्या काळात मी शहाणपणा करून कार्ड आधीच घेऊन ठेवलं, ५१२ जीबीचं, इतक्या कमी भावात की तेव्हाच संशय यायला पाहिजे होता. कॉम्प्युटरला लावलं, ५१२ दाखवतंय, गाणी टाकली, सगळी नावं दिसतायत. वाजवायला गेले तर पहिली काही शे गाणी ठीक आणि त्यापुढची नुसती नावं, आत काही नाही, दाबलं की पुढच्यावर उडी, त्यावरून पुढच्यावर. भाच्याने एचटूटेस्टडब्ल्यू नावाचा प्रोग्राम चालवला, तो काय करतो तर कार्ड काठोकाठ भरतो आणि मग लिहिलेलं परत वाचून ताडून बघतो. रात्रभर चालला. सकाळी निकाल, खरी जागा जेमतेम ३० जीबी. म्हणजे कार्डाच्या आतल्या चिपलाच खोटं बोलायला शिकवलेलं असतं, कॉम्प्युटर बिचारा विश्वास ठेवतो. विकणाऱ्याने आधी "तुमचा कार्ड रीडर खराब असेल" सांगितलं, मग त्या निकालाचा फोटो पाठवल्यावर पैसे दिले. आता नवीन कार्ड आलं की आधी ही परीक्षा, मग गाणी.

दुसरा प्लेअर, जो आता माझ्याकडे आहे, त्याच्या खोक्यावर लिहिलं होतं ३२ जीबीपर्यंत कार्ड चालेल. मी १२८ चं घेतलेलं, यावेळी खरं. घातलं तर म्हणे कार्ड नाही. माझा चेहरा पडला. पण यातली गंमत अशी की ३२ जीबीपर्यंतची कार्डं एसडीएचसी, ती फॅट३२ मध्ये (कार्डावर फाईली मांडायची एक पद्धत) फॉरमॅट होऊन येतात, त्यावरची एसडीएक्ससी, ती येतात एक्सफॅट या दुसऱ्या पद्धतीत, आणि बऱ्याच प्लेअरना फक्त एक्सफॅट वाचता येत नसतं, कार्डाशी त्यांचं भांडण नसतं. माझ्या विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटच्या खिडकीत एवढ्या मोठ्या कार्डाला फॅट३२ हा पर्यायच दिसत नव्हता, वेगळा प्रोग्राम घ्यावा लागला, पण एकदा केलं आणि कार्ड मुकाट्याने चालायला लागलं. सगळ्याच प्लेअरमध्ये चालेल असं नाही, माझ्यात चाललं. फॅट३२ मध्ये एक फाईल ४ जीबीच्या वर जाऊ शकत नाही, पण एवढं मोठं गाणं कोण गातंय.

आणि मग रेडिओ. ज्याच्यासाठी एवढं सगळं केलं तो रेडिओच धड लागेना. ९२.७ लागायचं, ९४.६ काही केल्या नाही. हाताने लावायला गेले तर आकडा ९४.५ वरून थेट ९४.७ वर, मधला ९४.६ त्याच्या गावीच नाही. मी आधी प्लेअरलाच शिव्या घातल्या. मग सेटिंग चाळताना अगदी खाली रीजन नावाचं काहीतरी दिसलं, तिथे अमेरिका निवडलेलं. अमेरिकेत एफएम स्टेशनांच्या आकड्यात टिंबानंतर विषमच अंक असतो, ९४.५, ९४.७ असे, म्हणून प्लेअर दोन-दोनच्या उड्या मारत होता. ते बदललं आणि ९४.६ खणखणीत. गंमत म्हणून जपानही लावून बघितलं तर आकडा ७६ पासून सुरू झाला आणि १०० च्या वरची माझी स्टेशनं गायबच. हे खोक्यावर कुठेही लिहिलेलं नाही, आणि मला खात्री आहे की कितीतरी लोकांनी "रेडिओ बेकार" म्हणून असे प्लेअर परत केले असतील.

तरी खरखर होतीच. इअरफोनची वायर हीच या प्लेअरची एरियल असते हे मला ऐकून माहीत होतं, पण ती वायर मी नीट गुंडाळून रबर लावून खिशात ठेवत होते ना! एफएमची लहर साधारण ३ मीटर लांब, तिच्या पाव भागाएवढी म्हणजे ७५ सेंटीमीटरच्या आसपास वायर सरळ सुटलेली असली की बरं लागतं. रबर काढलं, अर्धी खरखर गेली. उरलेली अर्धी चार्जरची, चार्जिंगला लावून रेडिओ ऐकला की कुजबुज येतेच. आणि ब्लूटूथवाल्यांनी हे आधीच समजून घ्या, ब्लूटूथच्या इअरफोनला वायर नाही म्हणजे एरियल नाही, माझा प्लेअर तर सरळ सांगतो इअरफोन जोडा. रेडिओसाठी वायरवालेच.

मराठी नावांचं दुखणं राहिलंच. आधी सगळी चौकोनांची रांग दिसायची. गाण्यांच्या टॅग, म्हणजे फाईलीच्या आत लिहिलेली गाण्याची-गायकाची नावं, जुन्या नव्या अशा दोन-तीन प्रकारच्या असतात आणि माझ्या संग्रहात सगळ्यांची खिचडी. एमपीथ्रीटॅग नावाच्या प्रोग्रामने एमपीथ्रीच्या सगळ्या टॅग आयडीथ्री २.३ (टॅगचा एक प्रकार) आणि यूटीएफ-१६ (अक्षरं साठवायची एक पद्धत) मध्ये परत सेव्ह केल्या तेव्हा कुठे चौकोनांची अक्षरं झाली. अक्षरं झाली पण वेलांटी चुकलेली. "किती" लिहिलेलं असेल तर पहिली वेलांटी क च्या अलीकडे न येता पलीकडे, आणि जोडाक्षर आलं की पाय मोडून दोन अक्षरं शेजारी शेजारी उभी. हे काही सुटलं नाही, डोळ्याला सवय झाली. भाचा म्हणाला इंग्रजी अक्षरांत नावं टाक, मी म्हटलं राहू दे.

बाकी चांगलं चाललंय. कार्ड काढून घातलं की पाचेक मिनिटं "अपडेट" करत बसतो, म्हणून मी कलाकार-अल्बम वगैरे भानगडीत न पडता फोल्डरमधूनच वाजवते. रेडिओचं रेकॉर्डिंगही होतं, १२८ केबीपीएसने तासाला ५८ एमबीच्या आत, आणि वेळ लावून ठेवता येते, ते मला फार आवडलं होतं. पण बॅटरी पूर्ण संपली की याचं घड्याळ शून्यावर जातं हे मला माहीत नव्हतं, त्यामुळे सकाळच्या कार्यक्रमासाठी लावलेलं रेकॉर्डिंग भलत्याच वेळी मध्यरात्री झालं, तेही इअरफोन न लावता. तासभर नुसती खरखर रेकॉर्ड झालीये. अजून डिलीट केली नाहीये.